विडीची सुट्टी

गारा पडल्या त्या जेमतेम पाव तास, पण तेवढ्यात त्यांनी सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. बागांमधली द्राक्षं फुटली, आणि बागांत राबणाऱ्यांच्या घरांवरचे पत्रेही फुटले. दोघी जावांच्या घराच्या पत्र्याला इतकी भोकं पडली की धाकटीला आपल्या तान्ह्या पोरीचा पाळणा सारखा उन्हातून सावलीत सरकवावा लागायचा. पत्रे बदलायचे तर घरातल्या सगळ्या हातांनी हंगामभर काम करायला हवं होतं. थोरला ट्रकवर होता, महिन्यातून एखादे वेळी तोंड दाखवायचा. धाकटा पॅकिंग शेडमध्ये हमाल. थोरली त्याच शेडमध्ये टेबलावर. आणि आता बाळंतपणाचा अशक्तपणा पुरता गेलेला नसताना धाकटीही कात्री घेऊन तिच्या शेजारी उभी राहिली होती.

फुटक्या द्राक्षांचं काम चांगल्या द्राक्षांपेक्षा दुप्पट असतं. घडात एक मणी जरी चिरलेला राहिला तरी त्याचा रस शेजारच्या मण्यांवर उतरतो आणि बाजारात पोचेपर्यंत अख्खी पेटी नासते. म्हणून घड देठाला धरून उजेडात फिरवायचा, चिरलेला मणी हुडकायचा, कात्रीचं टोक आत घालून तेवढाच कापून काढायचा. बाकीच्या मण्यांना बोट लावायचं नाही. लावलं की वरची पांढुरकी झाक पुसली जाते आणि फळ हाताळलेलं दिसतं. हे काम बायकांचं, कारण मुकादमाच्या म्हणण्याप्रमाणे बायकांची बोटं नाजूक असतात. भरलेली क्रेट कंबरेत वाकून टेबलावर चढवायची ती याच बोटांनी, पण त्या वेळी नाजूकपणाची आठवण त्याला होत नसे.

टेबल उंच होतं. सकाळी त्याच्यापाशी उभं राहायचं ते दुपारच्या जेवणालाच बसायचं, आणि मग थेट संध्याकाळी. घरी आल्यावर पायांवर चपलेच्या पट्ट्यांचे वळ दिसायचे. लघवीला जायचं तर एकीनं, आणि विचारून. दोघी एकदम निघाल्या की मुकादम म्हणायचा, "काय गं, तिकडे सभा आहे का?"

पुरुषांचं तंत्र वेगळं होतं. ते क्रेट उतरवायचे, खोकी बांधायचे, ट्रक भरायचे. कष्टाचंच काम, त्याला कोणी नाही म्हणत नव्हतं. पण शेठनं शेडमध्ये विडी ओढायला बंदी केली होती, कारण धुराचा वास फळाला लागतो. ज्याला ओढायची त्यानं बाहेर जावं, असा हुकूम. आता बघा माणसाची हुशारी. त्या बंदीचीच हळूहळू सुट्टी झाली. शेडच्या कडेला पत्र्याच्या सावलीत एक लांबलचक बाकडं आलं, आणि पुरुषमंडळी दिवसातून चारपाचदा तिथे जाऊन बसू लागली. विडी केव्हाच विझलेली असायची, गप्पा मात्र चालूच. पैलवान म्हणून एक हमाल होता, तो तब्येतीला जपायचा, विडीला शिवायचाही नाही. पण बसायला सगळ्यांच्या आधी तो.

त्या दिवशी ऊन शेडच्या दारातून आत आलं तेव्हाच धाकटीच्या छातीत ठणका लागला. पोरगी वरचं दूध घेत नव्हती. चमच्यानं पाजलं की सगळं ओकून टाकायची आणि मग रडून रडून निळी पडायची. म्हणून सासू तिला घेऊन फाटकापाशी यायची आणि धाकटी भिंतीआड उकिडवी बसून तिला पाजून परत यायची. पहिले काही दिवस मुकादमानं काणाडोळा केला होता. पुढे ट्रकांची घाई लागली.

फाटकाकडून रडणं ऐकू आलं. धाकटीनं कात्री खाली ठेवली.

"कुठे निघालीस?" मुकादमानं विचारलं.

"पोरीला पाजून येते."

"आत्ताच तर जाऊन आलीस."

"ते सकाळी."

"हे शेड आहे, तुझं माहेर नाही. ट्रक उभा आहे बाहेर. जेवणाच्या सुट्टीत पाज."

"तोवर ती कशी राहील?"

"तुझी सासू आहे ना तिथे? तीही बाईच आहे. बघेल काय ते."

रडणं ऐकता ऐकताच धाकटीला पान्हा फुटला. कपड्यांवर दोन ओले डाग पसरले. मुकादमाची नजर तिकडे गेली. नजर वळवायची सोडून तो मोठ्यानं म्हणाला, "अगं, अंग तरी झाक. माणसं काम करतायत इथे."

खोकी बांधणारे दोघे फिदीफिदी हसले. धाकटीनं हात छातीवर घट्ट धरले. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला, पण पाय थांबले नाहीत. ती फाटकाकडे गेली. भिंतीआड बसून पोरीला घाईघाईनं छातीशी धरलं, पण चित्त सगळं शेडकडे. पोरीला ते कळत असणार, तीही धड पीत नव्हती. अर्धवटच तिला सासूच्या हातात देऊन धाकटी परत निघाली.

वाटेत बाकडं होतं. मंडळी बसलेली होती. त्यांच्यात तिचा नवराही होता, एक पाय वर घेऊन. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिच्या ओल्या कपड्यांकडे पाहिलं, आणि मग विडीच्या टोकाकडे अशा काही नजरेनं पाहायला लागला की जणू आयुष्यात विडी पहिल्यांदाच बघत होता.

"अर्धा खाडा," ती आत येताच मुकादम म्हणाला.

"एवढ्याशा वेळाचा अर्धा दिवस?"

"तोंड चालवलंस तर पूर्ण लावीन. आणि परत गेलीस तर मग येऊच नकोस. तुझ्या जागेवर दहा जणी उभ्या राहतील."

धाकटीनं कात्री उचलली. थोरलीचा हात मध्येच थांबला होता, तो पुन्हा चालू लागला. पण तिच्या कात्रीचा आवाज आता वेगळा येत होता.

संध्याकाळी धाकटा हातपाय धुऊन आत आला तेव्हा चुलीपाशी दोघी जावा स्वयंपाकाला लागल्या होत्या. सासू पोरीला मांडीवर थोपटत होती.

"तुम्ही काहीच बोलला नाहीत," धाकटी म्हणाली.

"काय बोलायला हवं होतं?"

"तुम्हाला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं मला अंग झाक म्हणाला तो."

"मग झाकायचं."

थोरलीनं हातातलं पातेलं दणकन आदळलं. "भावोजी, ती काय हौसेनं ओली झाली होती?"

"वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका. मुकादम मला हमालांच्या टोळीचा पुढारी करणार आहे. आत्ता तोंड उघडलं तर सगळं फिसकटेल. आणि खरंच ट्रकला उशीर होतो."

"तुम्ही बाकड्यावर बसता तेव्हा होत नाही?" धाकटीनं विचारलं.

"ती विडीची सुट्टी आहे. विडी ओढली नाही तर हात चालत नाहीत माणसाचे."

"आणि पोरगी उपाशी रडत असली की माझे चालतात?"

"तुमच्याशी बोलणंच चूक. लगेच भांडायला उठता."

शेडमधलंच सगळं त्यानं घरी आणलं होतं. मुकादम दिवसभर बोंबलायचा, तर लोक म्हणायचे त्याला कामाची कळकळ आहे. थोरलीनं एकदा आवाज चढवला होता, तेव्हापासून ती भांडकुदळ. पैलवान रागावला की तापट, बाई रागावली की तिला घरी काहीतरी झालं असणार. ही भाषा सगळ्यांना इतकी पाठ होती की बोलताना विचार करावा लागत नसे.

सासू इतका वेळ मिठाची गुळणी धरून बसली होती. ती म्हणाली, "मी ओढायचे विडी."

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"काय?" धाकटा म्हणाला.

"खडी फोडायला जात होते तेव्हा. तू पोटात होतास. कंबर अशी धरायची की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. बाप्ये विडीला बसले की कोणी हूं की चूं करायचं नाही. मी नुसती टेकले तरी मुकादम ओरडत यायचा. मग एक दिवस तुझ्या बापाच्या खिशातली एक काढली, पेटवली आणि जाऊन बसले त्यांच्यात. ठसक्यानं जीव जायची वेळ आली. पण बसले."

"मग काय झालं, आत्याबाई?" थोरलीनं विचारलं.

"काय व्हायचंय? म्हणाले, ही बाई वाया गेली. वाया गेलेल्या बाईला कोण उठवणार? रोज बसायचे मग."

धाकटा ताडकन उठून बाहेर गेला. थोरली डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. धाकटी हसली नाही. ती सासूकडे एकटक पाहत राहिली, आणि मग तिनं पोरीला मांडीवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी कामाला हात लागताच थोरलीनं सगळ्यांदेखत विचारलं, "मुकादम, पाजायला सुट्टी नाही. मग विडीला कशी?"

"विडीला पहिल्यापासून आहे. शेठची मंजुरी आहे. ज्याला ओढायची त्यानं बाहेर जावं."

"ज्याला म्हणजे कोणालाही?"

"कोणालाही!" मुकादमाला चेव चढला. "तुम्ही ओढता का? ओढा की, आणि बसा मग खुशाल!"

पुरुषांमध्ये हशा पिकला. मुकादमही आपल्याच विनोदावर पोट धरून हसला. टेबलाच्या मधोमध एक बाई होती, तिच्या आवाजामुळे तिला सगळे कर्णा म्हणायचे. तिनं विचारलं, "ऐकलं का गं सगळ्यांनी?" ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

त्या दिवशी धाकटी फाटकाकडे गेली नाही. जागा गमावणं तिला परवडणार नव्हतं. पोरीचं रडणं आलं, वाढलं, मग सासू तिला घेऊन परत फिरली तसं लांब लांब गेलं. छाती दगडासारखी झाली होती. अंगात कणकण भरली, आणि एकदा कात्री मण्याऐवजी बोटावर चालली. रक्ताचा थेंब घडावर पडला. मुकादमानं तो घड तिच्या हातातून ओढून बादलीत टाकला आणि म्हणाला, "एवढा चांगला घड गेला!" बोटाचं काय झालं ते त्यानं विचारलं नाही. थोरलीनं चिंधी फाडून बांधली.

संध्याकाळी सासू स्वतः दुकानात गेली आणि विडीचं बंडल मागितलं.

"कोणाला गं म्हातारे?" दुकानदारानं विचारलं.

"सुनांना," सासू म्हणाली.

पुढच्या दिवशी माल सगळ्यात जास्त होता. दारापर्यंत क्रेटच्या थप्प्या लागल्या होत्या, ट्रक मागचं तोंड उघडून उभा होता. पैलवानानं आळस दिला, "चला," म्हणाला, आणि मंडळी बाहेर पडली. बाकड्यावरून काडी ओढल्याचा आवाज आला.

थोरलीनं कात्री टेबलावर ठेवली. हात पुसले. कंबरेचं बंडल सोडलं आणि एकेक विडी वाटत टेबलाच्या कडेनं गेली. कोणी कानामागे लावली, कोणी मुठीत धरली. कर्ण्यानं सरळ तोंडात धरली, तीही उलटी. शेवटी एक वयस्कर बाई उभी असायची. ती वर्षानुवर्षं शेडमध्ये कोणाशी बोलत नसे, म्हणून तिला मुकी म्हणायचे. थोरली तिच्यापाशी जरा अडखळली.

"दोन दे," मुकी म्हणाली.

सगळ्या बाहेर आल्या. त्यांना येताना बघून पुरुष असे उठले की जणू बाकड्यात मुंग्या निघाल्या असाव्यात. बायका बसल्या. खांद्याला खांदा लावून, दाटीवाटीनं, पण एकूण एक बसली. थोरलीनं फाटकाकडे हाक दिली, "आत्याबाई, आणा तिला इकडे!" सासू पोरीला घेऊन राखणदारासमोरून अशी आत आली की त्याला अडवायचं सुचलंच नाही. धाकटी बाकड्याच्या मधोमध बसली होती, कानामागे विडी. तिनं पोरीला घेतलं आणि छातीशी लावलं. पोरगी भुकेनं आंधळी झाली होती. तिनं अशी घट्ट पकड धरली की धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग हळूहळू दोघींचे खांदे सैल झाले.

मुकादम धावतच बाहेर आला.

"हे काय चाललंय?"

"विडीची सुट्टी," थोरली म्हणाली.

"ओढायची तरी अक्कल आहे का?"

थोरलीनं काडी ओढली, विडी पेटवली, आणि एका झुरक्यात तिचा चेहरा लालबुंद झाला. ठसक्यावर ठसका. सासूनं तिच्या पाठीवर थाप मारली आणि विडी तिच्या हातातून काढून घेऊन स्वतः एक सावकाश झुरका मारला. तिला ठसका लागला नाही.

"लाज नाही वाटत? बायकांनी विड्या ओढायच्या?"

"तुम्हीच म्हणालात, ओढा आणि बसा."

"मी थट्टेनं म्हणालो!"

"आम्ही नाही आलो थट्टेनं."

मुकादमानं धाकटीकडे बोट केलं. "आणि ही? ही कुठे ओढतेय?"

धाकटीनं मान वर केली. आजवर ती त्याच्याशी बोलताना टेबलाकडे बघून बोलायची. आता तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "पैलवान तरी कुठे ओढतो?"

सगळ्यांच्या नजरा पैलवानाकडे वळल्या. पैलवान आपला दंड तपासू लागला.

"एकेकीला घरी पाठवीन!" मुकादम ओरडला. "दुसऱ्या आणीन!"

"आणा की!" कर्णा गरजली. "कुठून आणता ते बघू द्या!" गारांनंतर सगळ्या शेडमध्ये हीच ओढाताण चालली होती. गावात कात्री धरणारी जी म्हणून बाई होती ती कुठल्या ना कुठल्या टेबलावर उभी होती. त्या दहा जणी कुठेच नव्हत्या, आणि हे मुकादमालाही माहीत होतं.

तो धाकट्याकडे वळला. "काय रे, तुझीच बायको ना ही? उठव तिला! घरातली एक बाई आवरत नाही, आणि टोळीचा पुढारी व्हायला निघालाय!"

धाकट्याचे कान लाल झाले. सगळे बघत होते. तो बाकड्यासमोर आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "चल आत. शोभा करू नकोस."

धाकटीनं त्याच्या हाताकडे पाहिलं. बोटांत अर्धी जळलेली विडी होती.

"तुमची संपली का?" तिनं विचारलं.

 त्यानं बसायला जागा शोधली, सवयीनं. बाकड्यावर तसूभरही जागा नव्हती. तो विडी धरून तसाच उन्हात उभा राहिला.

"बरं, मग तुम्ही चला!" मुकादमानं पुरुषांना फर्मावलं. "कात्र्या घ्या आणि टेबलावर उभे राहा. दोन क्रेट झाल्या की बघा कशा पळत येतात त्या."

कोणी हललं नाही.

"आम्ही?" पैलवान म्हणाला.

"हो, तुम्ही. चला लवकर."

"मुकादम, आम्ही काय बायका आहोत?"

"उद्या बांगड्या भरायला सांगाल," खोकी बांधणारा म्हणाला.

बाकड्यावरून असा काही हशा उठला की पत्र्यावरच्या चिमण्या उडाल्या. मुकी तर तोंडावर हात धरून डुलत होती. इतकी वर्षं ज्या बोलण्यानं त्यांना त्या टेबलाला खिळवून ठेवलं होतं, तेच आज मुकादमाच्या पायात आलं. ते चार हट्टेकट्टे गडी टेबलापाशी जाऊन उभे राहिले असते तर त्याची अब्रू वाचली असती. पण बायकांचं काम करण्यापेक्षा ट्रक रिकामा गेलेला त्यांना चालणार होता. मुकादमानं एकदा विनवूनही पाहिलं. पैलवान म्हणाला, ओझं सांगा कितीही, पण हे नाही.

तेवढ्यात शेठची गाडी आली. शेठ खाली उतरले, दारातून आत डोकावले. टेबलावर ओळीनं ठेवलेल्या कात्र्या, कोणी हात न लावलेल्या थप्प्या, बाहेर रिकामा ट्रक. ट्रकचा ड्रायव्हर भोंगा दाबून कंटाळला होता.

"मुकादम, माल का थांबलाय?"

मुकादमानं घाम पुसला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. दुसरं काही सांगण्यासारखं त्याच्याकडे नव्हतं.

"विडीची सुट्टी आहे, शेठ," तो म्हणाला.

शेठनी बाकड्याकडे पाहिलं. धुराची एक बारीक रेघ, कानामागच्या विड्या, मधोमध दूध पाजणारी बाई आणि तिच्याशेजारी झुरका मारणारी म्हातारी.  ते म्हणाले, "संध्याकाळच्या आत ट्रक निघायला पाहिजे. कसा काढायचा ते तू बघ." आणि ते गाडीच्या सावलीत जाऊन उभे राहिले.

मुकादम बाकड्यापाशी आला. आता त्याचा आवाज खाली आला होता.

"झालं का गं?" त्यानं धाकटीला विचारलं.

पोरीनं तोंड सोडलं होतं. ओठाच्या कोपऱ्यात दूध, डोळे अर्धे मिटलेले. धाकटीनं अंग झाकायची घाई केली नाही. पोरीला खांद्यावर घेतलं, पाठीवरून सावकाश हात फिरवला. खाली माना घालायची पाळी आज पुरुषांवर होती. कोणी ट्रककडे, कोणी पायाच्या अंगठ्याकडे बघत होतं. पोरीनं मोठा ढेकर दिला.

"एका बाजूचं झालंय," धाकटी म्हणाली. "उभे राहा जरा." आणि तिनं पोरीला दुसऱ्या बाजूला घेतलं.